नरसय्याचे पाय

नरसय्याबद्दल मी काही चांगलं लिहीन असं मला ओळखणाऱ्या कुणालाच वाटणार नाही, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. दोन वर्षं मी त्या माणसाला पाण्यात पाहिलं. सकाळी उठल्यावर देवाचं नाव घ्यायच्या आधी मला त्याचे पाय आठवायचे आणि तोंड कडू व्हायचं. पाय म्हणजे काही बघण्यासारखे होते असं नाही. काटकुळे, गुडघ्याला वाटीएवढं हाड, पोटऱ्या नावालाच. पोटऱ्या बघायच्या तर माझ्या! तालमीतले गडी हात लावून बघायचे. पण आमचे हवालदार एकदा त्याच पोटऱ्यांकडे बघून म्हणाले होते, "ह्ये खांब हायत रं, कारकुना. खांबावर घर बांदत्यात. खांब घिऊन कुणी नाचत न्हाय." आणि तेच हवालदार नरसय्याच्या काटक्यांकडे बघताना विडी ओढायची विसरायचे.

हवालदार पलटणीतले. महायुद्धात बसऱ्याकडे जाऊन आले, तिथं कुठल्याशा गोऱ्या सार्जंटाकडून बॉक्सिंग शिकले आणि पेन्शनीत निघाल्यावर सोलापुरात येऊन राहिले, त्यालाही आठ-दहा वर्षं झाली होती. शुक्रवार पेठेतल्या आमच्या तालमीच्या मागं थोडी मोकळी जागा होती. गिरणीचा दुसरा भोंगा व्हायच्या आत तिथं ते पाच-सहा जणांना शिकवायचे. गावात याला बुक्क्यांची कुस्ती म्हणत आणि हसत. मी गिरणीच्या हापिसात कारकून, पण मिसरूड फुटायच्या आधीपासून तालमीतला. आखाडा सोडून मागच्या अंगणात आलेला पहिला माणूस मी. म्हणजे हवालदारांचा पहिला चेला मी. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढं ते कुणालाच आठवेनासं झालं.

तालमीतल्या गड्याला बॉक्सिंग शिकवणं हवालदारांना किती जड गेलं असेल ते मला आता कळतं. आमचं सगळंच उलटं. कुस्तीत पाय रोवायचे. मागं सरकला तो गडी कसला? आणि हवालदार म्हणायचे, "आदी मागं सरकाय शीक. मारायचं मागनं बगू." पुढं जाताना पुढचा पाय आधी, मागं जाताना मागचा आधी. डावीकडं जायचं तर डावा, उजवीकडं तर उजवा. एका पायानं दुसरा पाय ओलांडायचा नाही. मागची टाच जराशी उचललेली. हनुवटी खाली, मुठी गालाशी, कोपरं बरगड्यांना. ऐकायला किती सोपं! मी महिनाभर स्वतःच्याच पायात पाय अडकून पडत होतो.

बचावासाठी हवालदारांनी एक युक्ती काढली होती. बैलगाडीच्या चाकाची जुनी लोखंडी धाव त्यांनी जमिनीवर टाकून ठेवली होती. त्या गोलात उभं राहायचं. समोरच्यानं ठोसे मारायचे. आपण मारायचं नाही, फक्त चुकवायचं, आणि पाय धावेबाहेर पडता कामा नये. मी त्या धावेत उभा राहिलो की तालमीतले सगळे बघायला यायचे. करमणूक फुकट होती ना!

आणि शड्डूची गोष्ट मीच सांगून टाकतो, नाहीतर दुसरा कुणी सांगेल. दुसऱ्या की तिसऱ्या महिन्यात एकदा माझा ठोसा समोरच्याच्या गालावर असा काही बसला म्हणता! मला इतका आनंद झाला की तालमीतल्या सवयीनं मी दोन्ही हात खाली आणून मांडीवर सणसणीत शड्डू ठोकला. पुढचं मला आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा हवालदार माझ्या तोंडावर पाणी मारत होते. "मांडीची राकण करतूस, आन् तोंड उगडं टाकतूस व्हय?" म्हणाले. ही माझी प्रगती.

अशा वेळी नरसय्या आला. शिकायला नव्हे, पंचे घेऊन. तालमीला लागणारे पंचे त्याच्या मागावर विणले जायचे. वीस-एकवीस वर्षांचा, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान. गठ्ठा खाली ठेवून तो धावेपाशी उभा राहिला आणि बघत बसला. मी त्या वेळी आत होतो, म्हणजे मार खात होतो. माझा पाय बाहेर पडला की तो जीभ टाळूला लावून 'टक्' असा आवाज करायचा. मुद्दाम नव्हे, आपोआप. चार-पाच वेळा झाल्यावर माझं डोकं फिरलं.

"तुला येतंय का रे? ये की आत मग!" मी ओरडलो.

"मला कुठं येतंय अण्णा," तो म्हणाला. "मी पंचे द्यायला आलो की."

पण हवालदारांनी त्याला आत घातला. हात गालाशी कसे ठेवायचे तेवढं दाखवलं आणि मला म्हणाले, "हान." मी हाणलं. काय सांगू! पहिला ठोसा गेला तिथं तो नव्हता. दुसरा गेला तिथंही नव्हता. तो उड्या मारत नव्हता, वाकत नव्हता, घाईतसुद्धा दिसत नव्हता. एक पाय दाबल्यासारखा टेकायचा, दुसरा तेवढाच हलका व्हायचा, आणि माझी मूठ त्याच्या कानाशेजारून निघून जायची. दोन-तीन मिनिटांत मला धाप लागली आणि नरसय्या काळजीच्या सुरात म्हणाला, "अण्णा, पाणी देऊ?"

हवालदार विडी विझलेली तशीच ओठांत धरून उभे होते. मग ते खाली बसले आणि धावेच्या आतल्या मातीवर उमटलेली त्याची पावलं बोटानं मोजायला लागले. माझ्या पावलांकडे बघून ते एकदाच म्हणाले होते, की म्हस गेलीया हितनं.

त्या दिवसापासून तो रोज यायला लागला.

नरसय्याच्या सवयी मला त्याच्या आईपेक्षा जास्त ठाऊक असतील. ज्याचा मत्सर वाटतो त्याचं काहीच नजरेतून सुटत नाही. तो यायचा तेव्हा डोक्याला, कानाला सुताचे तंतू चिकटलेले असायचे. अंगाला सुताला लावायच्या खळीचा आंबूस वास. हातमोजे घालायच्या आधी तो आतून झटकायचा आणि घालून झाल्यावर पुसून ठेवायचा, जणू घरची वस्तू. कुणाला ठोसा जोरात बसला की लगेच "लागला का?" विचारायचा. अहो, बॉक्सिंग आहे, लागणारच! फडक्यात बांधलेली ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी आणायचा आणि सगळ्यांत आधी माझ्यापुढं धरायचा. मी नको म्हणायचो. मग तो पहिला घास घ्यायचा नाही. शेवटी मला घ्यावंच लागायचं, आणि चटणी चांगली असायची याचाही मला राग यायचा.

कुणी घाई केली की त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं. "नेम्मदी अण्णा, नेम्मदी." म्हणजे सावकाश. मी चिडून अंगावर धावून गेलो की ठोसा चुकवता चुकवता तो हेच म्हणायचा. हळूहळू तालमीतले लोकही मला हापिसातून येताना बघून "नेम्मदी अण्णा" म्हणायला लागले. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एका मंगळवारी हवालदारांनी आम्हा दोघांना बाजारात पाठवलं. भर बाजाराचा दिवस. काठोकाठ पाण्यानं भरलेला तांब्या दोन्ही हातांनी हनुवटीपाशी धरायचा, बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं आणि परत यायचं. पाणी सांडायचं नाही. "धक्का चुकवाय शिकला त्यो ठोसा चुकवाय शिकला," म्हणाले. मी निघालो. दहा पावलांवर एक बैल आडवा आला, पुढं मिरच्यांची पाटी, त्यापुढं दोन बायका कडाकडा भांडत होत्या, त्यांच्यामधून मी घुसलो आणि दोघींच्या अंगावर पाणी गेलं. त्या आपसातलं भांडण सोडून माझ्यावर तुटून पडल्या. परत आलो तेव्हा तांब्यात आचमनापुरतं पाणी होतं. नरसय्या माझ्यानंतर थोड्या वेळानं आला. तांब्या भरलेला. काखेत कोथिंबिरीची जुडी.

"ह्ये काय रं?" हवालदारांनी विचारलं.

"अम्मानं सांगितली होती. वाटेत चांगली दिसली, घेतलो."

हवालदार इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी हसलो नाही. मला आजही कोथिंबीर बघून हसू येत नाही.

पावसाळा संपता संपता हवालदारांनी सांगितलं की दिवाळीच्या सुमाराला पुण्याला कँपात मुष्टियुद्धाचे सामने आहेत. ते एकाच माणसाला नेऊ शकत होते. होटगी जंक्शनात करीमभाई म्हणून इंजिनावरचा एक फायरमन होता. तो पूर्वी रेल्वेच्या सामन्यांत खेळलेला. त्याला एका रविवारी बोलवायचं, त्याच्यापुढं ज्याचं काम चांगलं होईल तो पुण्याला.

मला पुण्याला जायचं होतं. किती जायचं होतं ते शब्दांत सांगता येणार नाही. गिरणीच्या हापिसात मी रजेचं बोलून ठेवलं होतं. घरी बोलून ठेवलं होतं. पहिला चेला मी होतो की नाही? पण पेठेत सगळे नरसय्याचंच नाव घेत होते. मी ठरवलं की हा घरी चोरून काहीतरी सराव करत असणार, ते शोधून काढायचं. एका रविवारी त्याच्या घरी जाऊन धडकलो.

विणकरांची गल्ली. सगळीकडे तेलुगू बोलणं आणि खटखटाट. त्याची आई दारातच रहाटावर सूत गुंडाळून धोट्यात घालायच्या कांड्या भरत बसली होती. मला बघून "रा नायना, कूर्चो" म्हणत तिनं पाट सरकवला. ये बाबा, बस. नरसय्या आत मागावर होता. कमरेपर्यंत खड्ड्यात. मी वाकून खाली पाहिलं आणि तिथंच थिजलो.

खड्ड्यात दोन लाकडी पावड्या होत्या आणि त्यांवर ते काटकुळे पाय. एक दाबला की दुसरा हलका. दुसरा दाबला की पहिला हलका. वर आडव्या सुताचा धोटा इकडून तिकडं धावत होता आणि खाली ते पाय, न बघता, न थांबता. तो चोरून सराव करत नव्हता. नवव्या वर्षापासून रोज दहा-दहा तास तो उघडउघड सराव करत होता, आणि त्याला ते ठाऊकही नव्हतं. मी आखाड्यात पाय रोवायला शिकत होतो तेव्हा हा इथं बसून पाय सोडवायला शिकत होता. हे अंतर कसं भरून काढणार? मला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

"बसता का अण्णा?" तो म्हणाला. मी बसलो. दोन्ही पाय एकदम दाबले आणि काड्काड् करत धागे तुटले. मला वाटलं आता बोलेल काहीतरी. पण तो उकिडवा बसून एकेक धागा जोडायला लागला. "धागा तुटतोच की अण्णा. त्याला काय." अर्धा तास तो धागे जोडत होता, आणि तेवढ्यात त्याच्या आईनं पेटीतून एक नवा सदरा काढून मला दाखवला. घरच्याच कापडाचा, शिंप्याकडून शिवून आणलेला. "पुण्याचा," ती म्हणाली. तेवढा एक शब्द मराठीत. नरसय्या लाजला. म्हणाला, मी आगगाडीत कधी बसलो नाही, म्हणून अम्मा लई खूश आहे.

मी सदरा चांगला आहे म्हणालो.

मग तो पुन्हा विणायला बसला आणि मी पुन्हा त्याचे पाय बघत बसलो. आणि तेव्हा मला ते दिसलं. धोट्यातली कांडी संपत आली की त्याचे दोन्ही पाय सपाट, एका पातळीत यायचे. मान उजवीकडं खाली झुकायची आणि उजवा हात कमरेखाली ठेवलेल्या टोपलीकडं जायचा, नवी कांडी घ्यायला. डोळ्याची पापणी लवेल तेवढाच वेळ. मग पुन्हा सुरू.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात मी दुसरं काही बघितलं नाही. तीन मिनिटांचा डाव सुरू होऊन थोडा वेळ झाला, तसे त्याचे दोन्ही पाय सपाट आले. नजर उजवीकडं खाली गेली. उजवा हात गालावरून कमरेपर्यंत आला. आणि लगेच परत. माझ्या अंगावर काटा आला. पुढच्या डावातही तसंच. प्रत्येक डावात एकदा नरसय्याची कांडी संपत होती! तिथं टोपली नव्हती, धोटा नव्हता, पण हात जात होता. हवालदार अंगणात असून त्यांना हे दिसलं नव्हतं. ते पावलांवर इतके खूश होते की पावलं थांबतात हे त्यांच्या लक्षातच आलं नाही.

चांगल्या माणसानं काय केलं असतं? "नरसय्या, असं असं होतंय तुझं, सांभाळ," असं सांगितलं असतं. मी नाही सांगितलं. आधी वाटलं आपणच त्याचा उपयोग करावा. चार दिवस टपून बसलो. पण त्याची कांडी संपलेली दिसायची आणि मी पोचेपर्यंत नवी घातलेली असायची. त्या क्षणाला पोचायला पाय लागतात. पाय त्याच्याकडं होते.

रविवारी करीमभाई आला. काळा, उंच, कोळसा लोटून लोटून हात लोखंडी झालेला, आणि स्वभावानं अगदी मऊ. पहिला मी उतरलो. मी हललो नाही, पडलोही नाही. तीन डाव खांबासारखा उभा राहून मार खाल्ला. हवालदारांनी पाठीवर थाप मारली, पण ती दम राखल्याबद्दलची थाप होती. करीमभाईनं चहा घेतला, तासभर विसावा घेतला, मग नरसय्या उतरला.

पहिल्या डावात करीमभाईचा एकही ठोसा त्याला लागला नाही. लोक हसायला लागले, टाळ्या पडायला लागल्या. करीमभाई शेवटी स्वतःच हसला. त्या डावातही कांडी संपली, पण त्या वेळी करीमभाई घाम पुसत होता.

आमच्या तालमीचा रिवाज असा की पाहुण्या गड्याला पाणी यजमानानं द्यायचं. आमच्यातला सगळ्यात जुना म्हणून ते काम माझ्याकडं होतं. मी तांब्या घेऊन करीमभाईजवळ गेलो. तो पाणी प्यायला. आणि माझ्या तोंडून निघून गेलं. निघून गेलं असं म्हणणंही खोटंच. मी ते चार दिवस तोंडात घोळवत होतो. म्हणालो, "एक बार वो सीधे हात कू नीचे देखता. तब मारो."

करीमभाईनं तांब्या खाली केला आणि माझ्याकडं बघितलं. "तुमारा आदमी है की वो?"

मी तांब्या घेतला आणि बाजूला झालो.

दुसरा डाव संपत आला होता. नरसय्याचे दोन्ही पाय सपाट आले. मी डोळे मिटून घ्यायला हवे होते, पण मी बघत होतो. आवाज ओल्या कापडावर काठी मारल्यासारखा आला. नरसय्या पडला नाही, हळूच खाली बसला, आणि नाकातून रक्ताची धार मातीवर लागली.

हवालदार धावले. "काय झालं रं? आँ? काय झालं?"

"कांडी संपली, हवालदार," तो म्हणाला आणि हसला. रक्तानं दात लाल झालेले.

सगळ्यांना वाटलं डोक्याला मार लागलाय म्हणून बरळतोय. त्या अंगणात ते वाक्य कळलेला माणूस एकटा मी होतो. त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, म्हणून मला वाटलं आपण सुटलो. करीमभाई मात्र जाताना सगळ्यांना सलाम करून गेला, मला सोडून.

नाकाचं हाड मोडलं होतं. पुण्याला मी जाणार हे ठरलं.

आता पुढचं ऐका, म्हणजे मी त्याला पाण्यात का बघायचो ते कळेल. चौथ्या दिवशी हा माणूस नाकाला पट्टी बांधून अंगणात हजर! मला म्हणाला, "अण्णा, पुण्याला जायचं तर पाय जरा हलवू या." स्वतः धावेबाहेर बसला, हातात एक दगड घेतला आणि लोखंडी धावेवर ठोके द्यायला लागला. ठक्, ठक्. ठक्, ठक्. मागाचा ताल. "खाली बघू नका. पाय विसरा. हे ऐका नुसतं." मी पडलो, चिडलो, त्याला वाटेल ते बोललो. "नेम्मदी," तो म्हणायचा आणि ठोके चालू. आठ दिवस. त्याच्याकडून शिकणं मला सहन होत नव्हतं, आणि न शिकता राहवतही नव्हतं. सातव्या दिवशी कधीतरी, कसं ते मला कळलं नाही, माझा एक पाय टेकला तेव्हा दुसरा आपोआप हलका झाला. हवालदार म्हणाले, "आयला! खांब चालाय लागला की!" नरसय्या इतका खूश झाला की त्याच्या नाकातून पुन्हा रक्त आलं.

आम्ही निघालो त्या सकाळी तो स्टेशनवर आला. अंगात तो नवा सदरा. पुण्याला जायला शिवलेला सदरा घालून तो फलाटापर्यंत आला. माझ्या हातात शेंगाचटणीची पुरचुंडी दिली, अम्मानं दिली म्हणाला. मग डब्याच्या दारात वाकून आत बाकं कशी असतात ते बघून घेतलं. गाडी हलली तेव्हा तो बरोबर चालायला लागला, फलाटावरच्या त्या गर्दीतून, हमाल, ट्रंका, बायकापोरं, कुणालाही धक्का न लागू देता. फलाट संपला तिथं थांबला.

पुण्याला मी पहिल्याच सामन्यात हरलो. पण तिन्ही डाव उभा राहिलो, आणि शेवटी एक गोरा साहेब हवालदारांजवळ येऊन म्हणाला की या माणसाचे पाय चांगले आहेत. हवालदारांनी मला ते मराठीत सांगितलं आणि दौंडापर्यंत हसत होते. माझ्या पायांचं उभ्या जन्मात झालेलं ते एकच कौतुक, आणि तेही त्याचंच. मी चटणीची पुरचुंडी उघडली नाही. घरी येऊन मग खाल्ली.

नरसय्याचं बॉक्सिंग तेव्हाच संपलं. नाक वाकडं बसलं, श्वास अडकायला लागला, आईनं शपथ घातली. वर्षभरात हवालदारही अक्कलकोटाकडं लेकीच्या गावी राहायला गेले आणि अंगण ओस पडलं. धाव कुणी उचलून नेली कोण जाणे. मी त्या गल्लीतून जायचं टाळायला लागलो. पंचे दुसरीकडून आणायचो.

सात-आठ वर्षं अशीच गेली. माझं लग्न झालं, पोट सुटलं, पोटऱ्या गेल्या. पण ते एक वाक्य गेलं नाही. घास घेताना, वही लिहिताना, मधेच कानात यायचं, तब मारो. एका सकाळी हापिसाला न जाता मी सरळ त्याच्या घरी गेलो.

आई गेली होती. कांड्या आता त्याची बायको भरत होती. तो मागावरच होता. वाकडं नाक, कानाशी केस पांढरे व्हायला लागलेले, त्यात सुताचे तंतू. मला बघून खड्ड्यातूनच म्हणाला, "या की अण्णा! किती दिवसांनी!" आणि बायकोला चहाचं सांगितलं.

मी पाटावर बसलो आणि चहा यायच्या आत बोलून टाकलं. "नरसय्या, त्या दिवशी करीमभाईला मी सांगितलं होतं."

पाय थांबले नाहीत. "ठाऊक आहे की."

"कुणी सांगितलं?"

"कोण सांगणार? त्या दिवशीच कळला मला. करीमभाई होटगीचा, त्यानं माझे पाय कधी बघितला? हवालदार पावलं मोजायचे, पण त्यांना पण दिसलं नाही. अम्माला ठाऊक नव्हतं, ठोसा बसेपर्यंत मला स्वतःला ठाऊक नव्हतं." धोटा गेला, आला. "माझे पाय एवढं मन लावून कोण बघितला, अण्णा? तुम्ही एकटेच."

मी विचारलं, "राग नाही आला?"

"आला की! लई आला. दगड घेऊन तुमच्यापुढं ठोके देत बसलो होतो ना, तेव्हा दोनदा वाटलं डोक्यात घालावा." तो हसला. "पण घरी येऊन मागावर बसलो की वाटायचं, कुणीतरी बघितलं बाबा. रोज दहा तास हे पाय चालतात, खड्ड्यात. कोण वाकून बघतो?"

चहा आला. मी तो तसाच हातात धरून बसलो. खोटं कशाला बोलू, त्या वेळीसुद्धा मला त्याचा हेवाच वाटत होता. मनात काही न ठेवता जगायचं, ते तरी याला कुणी शिकवलं?

खाली त्याचे पाय चालले होते. एक दाबला, दुसरा हलका. मग ते दोन्ही सपाट आले. मान उजवीकडं झुकली. मी चहा खाली ठेवला, आणि त्याचा हात खाली यायच्या आत टोपलीतली कांडी उचलून त्याच्या हातात दिली. त्यानं वर बघितलं नाही. कांडी धोट्यात बसवली आणि पाय पुन्हा चालू झाले, आणि मी वाकून ते बघत राहिलो.